पिठाचे हात

"आई, दुसरा नंबर!"

केंद्राच्या दारातूनच मी ओरडले. वक्तृत्व स्पर्धेत, तालुक्यातल्या सव्वीस शाळांमधून दुसरा! मुरबाडहून एसटीत येताना प्रशस्तिपत्र मी छातीशी असं धरलं होतं, की कंडक्टरने ते वाचलं आणि सुट्टे पैसे मागायचे विसरला.

आत चटईवर नऊ पोरं आणि त्यांची नऊ मोठी माणसं होती. सगळ्यांनी वळून पाहिलं. आईने पाहिलं नाही. ती भिंतीशी गुडघे टेकून हेतलचा पंजा तांदळाच्या पिठात बुडवत होती.

"थांब गो भावना, जरा थांब. हलंल ती."

मी थांबले. आईने तो चिमुकला पंजा गेरूच्या भिंतीवर दाबला, तीन आकडे मोजले आणि हळूच उचलला. पांढराशुभ्र हात उमटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग आईने स्वतःचा उजवा हात पिठात घातला आणि त्या छोट्या हाताच्या शेजारी लावला.

आईचं मधलं बोट अर्धं आहे. गवताच्या वखारीत, गाठी दाबायच्या यंत्रात गेलं. त्यामुळे भिंतीवर कितीही हात असले तरी हा कोणाचा, हे कोणालाही विचारावं लागत नाही.

"कितवा म्हणालीस?" तिने आता विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं आणि घरी गेले.

आमच्या गावात जुन्या तलाठी सज्जाच्या खोलीत हे बालक-पालक केंद्र आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन ते साडेचार. शहापूरच्या एका संस्थेने ते सुरू केलं आणि चालवायला आईला नेमलं, सातवी पास सुंदराला. नियम एकच: पोराबरोबर त्याचं एक मोठं माणूस पाहिजे, आणि त्या माणसाने खाली बसून पोराशी खेळायचं. खुर्ची नाही, मोबाइल नाही. पहिल्या महिन्यात भगीरथकाका गुडघे धरून ओरडले होते, "सुंदरावयनी, या वयात मला घोडा केलंत!" आता त्यांचा नातू पाठीवर बसला नाही तर तेच रुसतात.

नवीन पोर महिनाभर टिकलं की भिंतीवर दोन हात लागतात. पोराचा आणि त्याच्या माणसाचा. दिवाळीला आपण बैलांच्या अंगावर उठवतो, तसेच. पुढे पोर केंद्रात आलं की आधी भिंतीवरच्या आपल्या हातावर हात ठेवतं. ती त्याची हजेरी.

हेतलचे आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर, होळीपर्यंत येणार नाहीत. ती बाईजाआजीजवळ असते. आजी तिला दारात सोडते आणि पळसाची पानं विकायला म्हसा गावच्या रस्त्याला जाते. म्हणजे हेतलला मोठं माणूस नाही. म्हणून आईनेच तिला मांडीवर घेतलं.

त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "मी सकाळच्या एसटीनं तुझं भाषण ऐकायला निघणारच होते. पण बाईजा म्हणाली, दुपारी नाय थांबणार. सगळ्या पोरांसमोर त्या पोरीचाच हात राहिला असता."

"माझं भाषण पण राह्यलं."

"तू मोठी हायस."

हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. मी मोठी झाले ते कधी? लहान होते तेव्हा आजी होती, आई वखारीत. आईने मला कधी मांडीवर घेऊन 'अडगुलं मडगुलं' म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि या हेतलला ती आठवड्यातून दोनदा म्हणते, हातवाऱ्यांसकट! शाळेत मी स्टेजवर उभी राहिले की मागची बाकंही गप्प बसतात. वर्षभरापूर्वी माझी वर्गात हात वर करायची हिंमत नव्हती, आणि आता बाई मला सूत्रसंचालन देतात. पण अडीच वर्षांची, शेंबूड पुसता न येणारी पोरगी माझ्या आईच्या हाताशेजारी हात लावून बसली होती, आणि मला त्याच्यापुढे काही सुचत नव्हतं.

रविवारी केंद्राची किल्ली खुंटीला होती. आई नदीवर गोधड्या धुवायला गेली होती. मी ओलं फडकं घेऊन गेले.

आईच्या हाताला मी लावलं नाही. फक्त छोटा हात पुसला. पाचही बोटं. पीठ लगेच निघालं, गेरू मात्र फडक्याला लागून खाली ओघळला, म्हणून तो परत परत पुसावा लागला. शेवटी तिथे एक फिकट लाल डाग उरला आणि आईचा हात एकटा. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

मंगळवारी शाळा सकाळची होती. तीन वाजता मी मुद्दाम केंद्रात गेले.

हेतल आली, चपला काढल्या, भिंतीकडे धावली आणि थांबली. तिने आईच्या हाताकडे पाहिलं. मग शेजारी. मग फिकट डागावर बोट ठेवलं आणि बोट पाहिलं. मला वाटलं, आता भोकाड पसरणार. ती रडली नाही. तिने बाजूच्या एका छोट्या हातावर हात ठेवला.

"माजाय तो!" भगीरथकाकांचा नातू ओरडला.

तिने दुसऱ्यावर ठेवला. तिथेही कोणीतरी तिला ढकललं. तिसऱ्याजवळ ती गेली, पण हात लावला नाही. वळली, दाराशी गेली, चपला उलट्या पायांत घातल्या आणि उंबऱ्यावर बसली. आपलं इथे काही नाही, हे तिला कोणी न सांगता कळलं होतं. आजी साडेचारला यायची.

"पालीनं खाल्लं का काय पीठ?" भगीरथकाका डाग न्याहाळत म्हणाले.

आईने भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी ओढणी बोटांना गुंडाळून उभी होते.

"भिंत ओली झाली असंल," आई म्हणाली.

"मग एवढं काय त्यात? एक दिवस हात नाय ठेवला भिंतीला, तर पोरीचं काय बिघडलं?" काका म्हणाले.

आई चटईवर बसली. या पोराला चेंडू दे, त्याची चड्डी वर ओढ, असं करत करतच बोलली. "भगीरथभावजी, माझी भावना सात महिन्यांची होती तवा मी वखारीत लागले. सकाळी निघायची तर ती झोपलेली, यायची तर झोपलेली. एक दिवस आले, तर शेजारची सकुबाई अंगणातच उभी. म्हणते, सुंदरा, तुझी पोर चालली! मग तिनं मला करून दाखवलं. अशी उठली, अशी डुगडुगली, अशी बसली. एवढी जाड बाई, आंगणात डुगडुगतेय. आमी दोघी किती हसलो."

बायाही हसल्या.

"दुसऱ्या दिवशी गाठी दाबताना माझं ध्यान नव्हतं," आई म्हणाली. "मी आपली तेच बघत होते, ती कशी चालली असंल ते. तवा बोट गेलं."

भगीरथकाकांनी नातवाला पाठीवरून उतरवून पुढ्यात घेतलं.

मला हे माहीत नव्हतं. पंधरा वर्षं मी त्या बोटाकडे बघत होते, आणि ही गोष्ट ती या सगळ्यांना सांगत होती, चड्ड्या सावरता सावरता. मला तेव्हाही पहिल्यांदा रागच आला. माझी गोष्ट, आणि मलाच शेवटी?

आई उठून माझ्याजवळ आली आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "नखांत गेरू हाय तुझ्या."

मी हात आणखी आत लपवले.

ती कोपऱ्यात गेली, वाटीत पीठ कालवून आली आणि वाटी माझ्या हातात दिली. "जा. उंबऱ्यावर बसलीय ती. आधी खाली बस, मग बोल. उभ्यानं बोललीस तर नाय येणार."

मी उंबऱ्यावर बसले. तालुक्यात दुसरा नंबर आलेल्या मला एक वाक्य सुचेना. शेवटी मी माझ्या नाकाला पीठ लावलं. हेतलने बराच वेळ माझं नाक पाहिलं आणि मग वाटीत हात घातला.

आई भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली उभी होती. "इथं लाव. तिथली भिंत ओली हाय."

तिथली भिंत केव्हाच वाळली होती. मी हेतलचा हात दाबला, तीन आकडे मोजले, उचलला. मग आईकडे पाहिलं. ती पुढे येईल म्हणून मी बाजूला सरकले.

"सरकतेस काय? मोठा हात तुझा लाव," आई म्हणाली. "मंगळवारी तुझी शाळा सकाळची असते ना? शुक्रवारी एसटीनं उतरलीस की सरळ इकडं ये."

मी लावला. हेतलने पिठाचा हात माझ्या ड्रेसला पुसला आणि मांडीत येऊन बसली, जशी काही तिथे रोजच बसते.

साडेचारला बाईजाआजी येऊन तिला घेऊन गेली. सगळे गेले. आई बाहेर चटया झटकत होती. आईचा हात भिंतीवर एकटाच होता, शेजारी तो फिकट डाग. मी हात धुतले होते, पुसले होते. मी डागावर माझा कोरडा पंजा ठेवला, आईच्या पंजाला लागून.

माझा हात मोठा निघाला. तळहात रुंद, बोटं लांब, सगळ्याच बाजूंनी आईपेक्षा मोठा.

बाहेर चटई झटकायचा आवाज थांबला. आई दारात होती. तीन आकडे मोजायला लागतात तेवढा वेळ उभी राहिली आणि मग दुसरी चटई घ्यायला आत आली.