मानेजवळचा जोड

मी एक जुनी मोटारसायकल आहे. कुठल्या कंपनीची, कुठल्या सालची, असं मात्र विचारू नका मित्रांनो, कारण मला जन्म देणाऱ्यांनाही ते सांगता आलं नसतं. माझं इंजिन एका मोडलेल्या गाडीतून आलं, पुढचं चाक दुसरीचं, मागचं तिसरीचं. टाकी पत्रा ठोकून घरीच केली आणि सीटमध्ये एका मोडक्या खुर्चीची गादी भरली. थोडक्यात, मी म्हणजे नुसती गोळाबेरीज आहे. पण ही गोळाबेरीज दोन भावांनी केली आहे आणि त्याचा मला अजून तोरा आहे.

एका अरुंद गल्लीत त्यांचं गाड्या दुरुस्त करायचं दुकान होतं. खाली दुकान, वर राहायची खोली. थोरल्याला सगळी गल्ली दादा म्हणायची आणि त्याच्या भावाला धाकटा. धाकट्याचे केस पिकले तरी तो धाकटाच राहिला. दादा वेल्डिंग करायचा. फिटिंग, रंग आणि शेवटचा हात धाकट्याचा.

त्यांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. दादाचं वेल्डिंग भक्कम असायचं, पण दिसायला अगदी ओबडधोबड. जाड, गुठळ्या गुठळ्या आलेलं.

"दादा, हे काय चिखल थापल्यासारखं केलंयस?" धाकटा म्हणायचा.

"तुटणार नाही ना? मग झालं तर."

"दिसायला नको का पण काही?"

"लोक गाडीवर बसतात. जोडाकडे बघत बसत नाहीत."

दादाची पाठ वळली की धाकटा कानस घेऊन तो जोड घासायला बसायचा आणि बोटाला लागणार नाही इतका गुळगुळीत करायचा. शेवटी दादा कानस लपवून ठेवू लागला. माझ्या वेळी मात्र त्याने धाकट्याला सरळ ताकीद दिली. हँडल जिथे सांगाड्याला जोडलेलं असतं, त्या जागेला ते माझी मान म्हणत. "बाकी कुठेही घास, मानेला हात लावायचा नाही," दादा म्हणाला. धाकट्याने तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. टाकीखाली लपलेला तो जाडजूड जोड तेवढा तसाच राहिला.

मग माझे चांगले दिवस आले. दादा पुढे, धाकटा मागे, मधे सामानाची पिशवी, असे आम्ही शहरभर हिंडायचो. सिग्नलला थांबलो की शेजारचा हमखास विचारायचा, "कुठून घेतली हो?" त्यावर दोघं एकदमच म्हणायचे, "घरी केली." विचारणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. त्या वेळी मी जरा जास्तच ऐटीत धूर सोडायची, हे कबूल करते.

पुढे दादाची दृष्टी अधू झाली आणि वेल्डिंग सुटलं. त्याची बायको आधीच गेली होती. मुलगी लग्न होऊन फार लांबच्या गावी राहत होती. ती आली आणि बाबांना घेऊन गेली. धाकट्याने लग्न केलं नव्हतं. तो निरोप द्यायला दारात उभा राहिला आणि म्हणाला, "जा तू. दुकान बघतो मी." त्याला वाईट वाटलं होतं, पण ते कबूल करण्याऐवजी तो रुसला. दुकान सोडून दादा गेलाच कसा, हा त्याचा राग. दादा फोनवर ये म्हणायचा आणि हा म्हणायचा, "काम फार आहे रे, बघू पुढे." काम काही फार नव्हतं.

माझ्यावर त्याने ताडपत्री टाकली. दोघांची गाडी एकट्याने चालवायची नाही, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या. सीटवर रंगाचे रिकामे डबे येऊन बसले. ताडपत्रीच्या फटीतून मला धाकटा दिसायचा. गिऱ्हाइकाशी कामापुरतं बोलायचा आणि गिऱ्हाईक गेलं की रेडिओशी वाद घालायचा. मी कोपऱ्यात उभी, तो दुकानात उभा. आमच्यापैकी जास्त गंज कुणाला चढतोय हे सांगणं अवघड होतं.

एकदा दुपारी पुतणीचा फोन आला. धाकट्याचे हात तेलात बरबटलेले होते, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला. त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"काका, बाबा हल्ली माणसं विसरायला लागलेत. काल मलाच म्हणाले, बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

धाकट्याने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाला, "आणि मला?"

"तुमचं नाव रोज घेतात. पण तुमचा फोटो दाखवला तर विचारतात, हे कोण म्हणून. यायचं असेल तर आता या काका. नंतर येऊन काय उपयोग?"

फोन बंद झाला. धाकट्याने हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले आणि माझ्यावरची ताडपत्री ओढून काढली. बसने गेला असता तर लवकर पोचला असता. पण त्याने मनाशी एक हिशेब मांडला होता आणि तो मला ऐकवलाही. "माझा चेहरा बदलला. दादा मला नाही ओळखणार. पण तुला ओळखेल. आणि तुला ओळखलं की मला ओळखेलच." अशी त्याची सगळी भिस्त माझ्यावर येऊन पडली.

त्याने मला पूर्ण खोललं. वायरी बदलल्या, कार्बोरेटर धुतला, चेन नवीन घातली. इतक्या वर्षांनी मला किक बसली तेव्हा मी खोकत खोकत का होईना, पण सुरू झाले. धाकट्याने माझ्या टाकीवर थाप मारली. इथवर सगळं छान चाललं होतं.

आणि मग त्याने घोळ केला. "दादाला दाखवायचंय तर नीट दाखवू," असं म्हणत त्याने ग्राइंडर उचलला आणि तो थेट मानेवर लावला. दादाचा तो जाडजूड जोड त्याने पार सपाट केला. वरून कानस मारली, मग पॉलिश पेपर, मग मला अंगभर निळा रंग. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पण खरं सांगायचं तर आरशात मला माझं रूप आवडलं होतं. मान तेवढी हलकी वाटत होती.

पहाटे आम्ही निघालो. शहर मागे पडलं, गोदामं मागे पडली आणि मग नुसता रस्ताच रस्ता. ट्रक घोंघावत जायचे आणि त्यांच्या वाऱ्याने आम्ही दोघं डगमगायचो. मागची सीट रिकामी होती. तिच्यावर बांधलेली पिशवी सारखी एका बाजूला कलायची आणि धाकटा हात मागे नेऊन ती चाचपायचा. हेल्मेटच्या आत तो बोलत होता. आधी मला वाटलं माझ्याशीच बोलतोय. पण तो दादाशी बोलायची तालीम करत होता.

"दादा, मी आलो." छे. "दादा, उशीर झाला रे." हे त्याहून वाईट. "दादा, दुकान व्यवस्थित आहे." त्यावर तो स्वतःच हसला. पेट्रोल पंपावरच्या माणसाने मला निरखत विचारलं, "कुठून घेतली?" धाकटा म्हणाला, "घरी केली." एकट्याने म्हटलेलं ते उत्तर मला ओळखू आलं नाही.

रात्री पंपामागच्या खोलीत तो पडला आणि मी बाहेर भिंतीला टेकून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका उतारावर पुलाचा सांधा आला, चाक आदळलं आणि माझ्या मानेत कट्कन आवाज झाला. हँडल लटलटू लागलं. धाकट्याने कसंबसं मला कडेला घेतलं. निळ्या रंगाखाली, ज्या जागी त्याने ग्राइंडर फिरवला होता, नेमकी तिथे चीर गेली होती. तो बाजूच्या दगडावर बसला. "त्याचा जोड ठेवला असता तर तुटली नसती," एवढंच म्हणाला. आजूबाजूला ऐकायला कुणी नव्हतं.

मला ढकलत ढकलत त्याने एक दुकान गाठलं. तिथे लोखंडी फाटकं बनवत. फाटकवाल्याने वाकून माझी मान पाहिली आणि नकाराने डोकं हलवलं. "गाडीच्या मानेला मी हात लावत नाही. उद्या तुटली तर माझ्या डोक्यावर यायचं. मशीन आहे, तुम्ही करा तुमचं."

धाकट्याने आयुष्यभर दादाचे जोड घासले होते, स्वतः कधी मोठा जोड मारला नव्हता. त्याने टाकी उतरवून लांब नेऊन ठेवली. चीर साफ केली आणि वेल्डिंगचा रॉड धरला. मग त्याने कोपर बरगडीला घट्ट दाबलं आणि श्वास रोखला. दादा अगदी असाच उभा राहायचा. ठिणग्या उडाल्या. त्याने थरावर थर चढवले, भीतीपोटी आणखी एक चढवला. वरची जळकी पपडी झाडल्यावर खाली जे निघालं ते जाड होतं आणि गुठळ्या गुठळ्यांचं होतं.

"ताकद आहे," फाटकवाला म्हणाला. "रूप नाही."

"आमच्या घरचं असंच असतं," धाकटा म्हणाला आणि प्रवासात पहिल्यांदा मोकळं हसला. सवयीने त्याचा हात पिशवीतल्या कानशीकडे गेला. मग त्याने तो मागे घेतला. "राहू दे."

संध्याकाळी आम्ही पुतणीच्या घरी पोचलो. फाटक, छोटं अंगण, भिंतीशी एक बाक. बाकावर दादा बसला होता. वाळलेले कपडे मांडीवर घेऊन नीट घड्या घालत होता. पुतणी धावत आली. "काका, आलात."

धाकट्याने हेल्मेट काढलं आणि बाकासमोर जाऊन उभा राहिला. तालमीतलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही. "दादा," तो म्हणाला, "मी."

दादाने वर पाहिलं आणि पाहुण्याकडे बघून हसतात तसं हसला. "या, बसा. लांबून आलात वाटतं? पाणी घेणार का तुम्ही?"

जन्मात दादाने त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. धाकट्याने माझं हँडल धरलं आणि मला दादाच्या अगदी पुढ्यात आणून उभं केलं. "ही बघ दादा."

मी श्वास रोखला होता, म्हणजे माझं इंजिन बंद होतं. दादाने माझ्यावरून नजर फिरवली, चमकत्या निळ्या रंगावरून, नव्या चेनवरून. "छान आहे," तो म्हणाला. "नवी घेतली का?"

धाकटा बाकाच्या टोकावर बसला. इतकं थकलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. दादा मात्र उठला. आयुष्यभर गाड्या पाहिलेल्या माणसाला गाडीसमोर नुसतं बसवत नाही. तो माझ्याजवळ उकिडवा बसला आणि त्याचा हात टाकीखाली गेला. मानेवर येऊन बोटं थांबली. पुढे गेली, परत आली. गुठळी न् गुठळी चाचपून झाली.

"हा जोड माझा आहे," दादा म्हणाला. "ही माझ्या धाकट्याची गाडी. तुमच्याकडे कशी आली?"

धाकट्याने तोंड उघडलं. जोड माझा आहे, मीच तुझा धाकटा, असं तो आता सांगेल असं मला वाटलं. पण दादाची बोटं अजून त्या जोडावरून फिरत होती आणि चेहरा सुखावला होता. "त्यानेच दिली," धाकटा म्हणाला. "चालवायला."

"घासला नाही म्हणजे. बरं झालं. फार घासतो तो." दादा हसला. "पण हात चांगला आहे हो त्याचा. माझ्यापेक्षा चांगला. त्याला सांगितलं नाही कधी, डोक्यावर बसला असता. तो कुठाय?"

"येतोय मागून."

"मग थांबू या," दादा म्हणाला आणि बाकावर त्याच्या शेजारी येऊन बसला. पुतणीने चहा आणला आणि तोंड फिरवून आत गेली. अंधार पडेपर्यंत दोघं भाऊ फाटकाकडे बघत धाकट्याची वाट बघत बसले.

आम्ही काही दिवस राहिलो. दादा पाहुण्याला रोज धाकट्याच्या गोष्टी सांगायचा आणि पाहुणा रोज नव्याने ऐकायचा. निघायच्या दिवशी दादा फाटकापर्यंत आला. "वाटेत माझा धाकटा भेटला तर सांगा, ये म्हणावं. रागावलो नाहीये मी. एकटा असतो तो, जेवत नाही वेळेवर."

"सांगतो," धाकटा म्हणाला.

आम्ही परत आलो. दुकान उघडलं तेव्हा आत कोंदट वास भरला होता. धाकट्याने मला स्टँडवर लावलं, हेल्मेट काढलं आणि रिकाम्या दुकानात उभं राहून मोठ्याने म्हणाला, "दादाने ये म्हणून सांगितलंय. रागावला नाहीये तो." कबूल केलेला निरोप त्याने पोचवला आणि मग तिथेच खाली बसून रडला.

आता माझ्यावर ताडपत्री नसते. आम्ही जमेल तेव्हा तिकडे जातो आणि दर वेळी तोच निरोप घेऊन येतो. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर पुसा, तेल द्या, गंज चढू देऊ नका. पण त्यांच्यावर कुणाच्या हाताची खडबडीत खूण असेल तर ती घासू नका. आणि कुणाकडे जायचं राहिलं असेल तर ते माणूस तुम्हाला 'अरे' म्हणतंय तोवर निघा. उशीर झाला तर घर सापडतं, माणूसही भेटतं, पण त्याने तुमच्यासाठी दिलेला निरोप तुम्हालाच घेऊन परत यावं लागतं.