मुकादमाच्या खुर्चीभोवती

बहात्तरच्या दुष्काळात आमी साठ बाया खर्ड्याकडच्या रस्त्यावर खडी फोडायचो. गडीबी तेवढेच. शेळ्यांनी कोसभर एक झुडूप ठेवलं नव्हतं, मग बाईनं लघवीला जायाचं कुठं? म्हनून दिवसभर पानीच प्यायचं न्हाई, हा आमचा शानपना. पिंपातलं पानी गडी प्यायचे, आमी ओठ चाटायचो.

एक दिवस माजी लघवी तुंबली. सकाळपासून थेंब न्हाई, पोट टम्म. कळा अशा, की मी नवऱ्याला, रंभाजीला, त्याच्या आईसकट उद्धारलं. त्यानं गपगुमान बैलगाडी जुंपली अन् तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी लघवीच्या वाटंतच अडकलेला मुतखडा चिमट्यानं काढला, हरभऱ्याएवढा. त्यापुढं जे सुख झालं ते लग्नातबी झालं नव्हतं.

"दिवसाला पानी किती पिता?" बाईंनी विचारलं.

"रातच्याला तांब्याभर."

बाई लई रागावल्या. दिवसाउजेडी पीत जा, न्हाईतर परत खडा हुईल, अन् तवा किडनी जाईल, म्हनल्या. खडा बाटलीत घालून दिला.

ती बाटली मी मुकादमाच्या, उत्तमरावाच्या नाकापुढं धरली. "आमाला आडोसा बांधून द्या."

त्यानं खुर्ची मागं सरकवली. "तसा हुकूम न्हाई, वहिनी."

"मग पानी पिऊन जाऊ कुठं?"

"ते मी काय सांगनार?"

सांगशील की, मी मनात म्हनलं. दुसऱ्या दिवशी साठच्या साठ बायांनी पिंपापाशी दोन-दोन तांबे रिचवले अन् मुकादमाच्या खुर्चीभोवती बसकन मारली.

"नड लागली की तुमीच जागा दावा," मी म्हनलं. "दावाल तिथं जाऊ."

तासाभरानं साळूबाई चुळबूळ करायला लागली. मग भागूबाई. साळूबाई लुगडं सावरत उठली तशी उत्तमरावाला घाम फुटला. गड्यांना म्हनला, "खडी ऱ्हाऊ द्या, आधी दगड रचा."

एवढे गडी, भिंत उभी ऱ्हायला कितीसा येळ. पयला मान साठीच्या छबूबाईला दिला. म्हातारी लवकर बाहेर येईना. हाक मारली तर आतून म्हनली, "आले गं. जन्मात पयल्यांदा मागं न बघता बसलेय, बसू द्या जरा."

समद्या हसल्या. मला मातर रडू आलं. मग मी पिंपाकडं गेले, अन् भर दुपारी, गड्यांच्या देखत, तांब्याभर पानी प्याले.