रडणारी भिंत आणि एक वांगं

"सरका, सरका! भिंत रडून राहिली!"

ही आरोळी उठली आणि बेसा भागातल्या त्या अर्धवट बांधलेल्या ख्रिस्तमंदिरात माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढायची तेवढी बाकी राहिली. नागपुरातला ऐन उन्हाळा चालू होता. संध्याकाळ झाली तरी बाहेर अंगाची लाही होत होती, आणि आत टिनाच्या तात्पुरत्या छपराखाली दोन भलेमोठे कूलर घरघरत होते. वेदीमागच्या भिंतीला नुकताच चुना दिलेला. दुपारी ती कोरी पांढरी होती, तिच्यावर काही म्हणजे काही नव्हतं. आता तिथे ओला क्रूस उमटत होता. आधी पुसट, मग गडद, आणि मग आडव्या दांड्यावरून एक टपोरा थेंब ओघळला. गर्दीतून 'अगं माय' पासून 'हाल्लेलुया' पर्यंत सगळे उद्गार एकदम निघाले. गर्दीत ख्रिस्ती माणसं मूठभरच होती. बाकीचे मनीषनगरचे, कळमन्याचे, आणि कुठकुठले. चमत्कार बघायला जाताना कोणी कोणाला धर्म विचारत नाही.

वेदीपाशी बंधू शलमोन उभे होते. पांढरा झब्बा, हातात माइक, डोळे अर्धे मिटलेले. म्हणजे दिसायला मिटलेले. कोण मागे फिरतंय आणि कोण खिसा चाचपतंय, ते त्यांना बरोबर दिसायचं.

"खिडक्या लावा! दार लावा!" ते ओरडले. "सामर्थ्य बाहेर निघून जाऊन राहिलं! अन् कूलर बंद नका करू गा, भक्तायले त्रास नाही झाला पायजे!"

भक्तांच्या घामाची इतकी काळजी करणारा महापुरुष विरळाच.

"हे पाणी आहे का?" बंधूंनी विचारलं.

"नाही!" गर्दी म्हणाली.

"मंग काय आहे? एक वर्स झालं, देवाचं घर जळलं. देव रडून राहिला! इश्वास नसंल तर चाखून पाहा. आसू खारटच असते की नाही बाप्पा?"

एका म्हाताऱ्याने बोट लावून चाखलं. खारट! तो तिथेच आडवा झाला. मग बंधूंनी कापसाचे बोळे भिंतीला टेकवून डब्यांत भरले, आणि डब्या 'सेवे'च्या, म्हणजे पैशांच्या, बदल्यात वाटल्या गेल्या. शेवटी वेताची एक टोपली पुढे आली. "ज्याचा देवावर इश्वास, त्याले गोळ्या-औषध कायले पायजे? टाका इथं!" आणि लोक टाकत होते. रक्तदाबाच्या, साखरेच्या, दम्याच्या गोळ्यांची चकाकती पाकिटं त्या टोपलीत पडत होती.

शेवटच्या बाकावर प्रेमलता साळवे मान खाली घालून बसल्या होत्या. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं, त्यामुळे सगळा परिसर त्यांना 'टीचर' म्हणायचा. त्या इथल्या ख्रिस्ती मंडळीच्या बांधकाम समितीवर होत्या आणि मंदिराची किल्ली त्यांच्याकडेच असायची. टोपलीकडे त्यांना बघवत नव्हतं. कारण भिंत का रडते, हे टीचरना ठाऊक होतं.

त्यांना ते समजलं होतं घरी, जेवणाच्या ताटावर. कूलर लावून खिडकी उघडायची राहून गेली होती, आणि तळलेला पापड वातड झाला होता. मिठाची बरणी उघडली तर मिठाचा चिखल. कूलर लावला आणि खिडकी बंद ठेवली की खोलीत चिकचिक होते, मिठाला पाणी सुटतं, हे नागपुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. टीचरांचा घास हातातच राहिला. भिंतीला चुना कोणी दिला होता? शलमोनने. आधी तो रंगारी होता. 'प्रभूची सेवा' म्हणून त्याने वेदीची भिंत फुकटात रंगवून दिली होती. दार आतून लावून, एकट्याने, 'प्रार्थनेत'.

जाड्या मिठाचं दाट पाणी आणि एक ब्रश. मीठ पांढरं, चुना पांढरा, दिवसा कोणाला दिसतंय? उन्हाळ्यातली दुपार हाडं वाळवणारी, तेव्हा भिंत कोरडी ठक्क. संध्याकाळी कूलर सुरू, खिडक्या बंद, वर शेकडो माणसांचा श्वास. मीठ हवेतलं पाणी ओढून घेणार, आणि जिथे मीठ तिथेच भिंत ओली होणार. इयत्ता सातवी.

मग टीचर उठून बोलल्या का नाहीत?

त्याचं उत्तर लाजिरवाणं आहे, पण सांगायलाच हवं. जुनं मंदिर वायरिंगच्या ठिणगीने जळालं, तेव्हा त्या रस्त्यावर उभ्या राहून बघत होत्या. त्यांचं लग्न त्या छपराखाली लागलं होतं, नवऱ्याची शवपेटीही तिथूनच निघाली होती. नवं बांधायला घेतलं, पण भिंती उभ्या करून टिन टाकेपर्यंत पैसे संपले. मंडळी छोटी, हातावर पोट असलेली. तोवर कितीतरी रविवार उपासना ताडपत्रीखाली झाली होती. आणि भिंत रडायला लागल्यापासून? कोणी वाळूचा ट्रक पाठवला, कोणी सिमेंटची पोती, कोणी फरशी. पक्क्या छताचं नाव निघालं. टीचरनी उपासना चालवणाऱ्या पाळक वामनरावांना हळूच विचारलं होतं, "पाळकसाहेब, तुम्हाला हे खरं वाटतं?"

वामनराव सज्जन माणूस. त्यांनी वाळूच्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाले, "टीचर, छत होऊ द्या. मंग पाहू."

टीचरनीही मग पाहायचं पुढे ढकललं. एवढ्यावर भागलं असतं, तर त्यांनी मनाची समजूत घातलीही असती. पण त्यांच्या मागच्या गल्लीतली हर्षा दारात आली.

हर्षाचा नवरा कळमना बाजारात हमाली करायचा. मुलगी मयुरा, पाचवीतली, लहानपणापासून फिट यायच्या म्हणून रोज गोळी घ्यायची. गोळीमुळे वर्षभरात फिट आली नव्हती.

"टीचर, तुमी तं शिकलेल्या आहा," हर्षा उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली. "ते शलमोनबंधू म्हणून राहिले, गोळी टोपलीत टाक, पोरगी बरी होते. मले काई समजत नाही. खरं आहे का वं टीचर ते? तुमी हो म्हणाल तं हो, नाई म्हणाल तं नाई."

'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द. टीचरांच्या ओठांवर आलाही होता. पण त्याच दिवशी छताच्या सळया उतरल्या होत्या.

"श्रद्धा मोठी असते, हर्षा," त्या म्हणाल्या.

खोटं बोलल्या नव्हत्या. खरंही बोलल्या नव्हत्या. हर्षाने हात जोडले आणि ती गेली.

आठवडा उलटायच्या आत, गॅसवरचं दूध उतू जाईल म्हणून बघायला उभ्या असलेल्या मयुराला फिट आली. उकळतं दूध हातावर सांडलं. टीचर दवाखान्यात पोचल्या तेव्हा पोरीचा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता आणि ती गुंगीत होती.

"गोळी कोणी बंद करायला सांगितली?" तरुण डॉक्टर मेघा विचारत होत्या. "ही गोळी अशी एकाएकी सोडायची नसते. पोरगी वाचली हे नशीब समजा."

हर्षाने मान वर केली. तिची नजर टीचरांवर गेली. माझा इश्वास कमी पडला, हेच तिच्या चेहऱ्यावर होतं. टीचरना त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. शलमोन तर शलमोन होता, त्याचा धंदाच तो. पण ह्या बाईने शलमोनला विचारलं नव्हतं, तिने टीचरना विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, टीचरनी मंदिराचं कुलूप उघडलं. पिशवीत जाडं मीठ, तांब्या आणि जुना ब्रश. डावीकडची भिंतही चुन्याचीच होती. काय काढावं? चित्रकलेत त्या कच्च्या. शेवटी जमलं ते एक वांगं, देठासकट. वाळल्यावर भिंत पुन्हा कोरी झाली.

संध्याकाळी नेहमीची गर्दी. दार बंद, खिडक्या बंद, कूलर चालू. क्रूस उमटला, थेंब ओघळला, रोज भरत चाललेली टोपली पुढे सरकली.

टीचर उभ्या राहिल्या.

"बंधू, एक विचारू? देव फक्त समोरच्याच भिंतीवर रडतो का?"

"देवाचे आसू कुठंही वाहू शकते, टीचरबाई!" बंधू खूश होऊन म्हणाले.

"मग सगळ्यांनी जरा डावीकडे पाहा."

सगळ्या माना वळल्या. डाव्या भिंतीवर एक गलेलठ्ठ वांगं घामाघूम होऊन उभं होतं. देठावरून पाणी निथळत होतं. मग मागून कोणीतरी म्हणालं, "आता वांगं काहून रडून राहिलं बाप्पा? भरीत करून टाकलं का कोणी?" आणि हशा पिकला.

"सैतान!" बंधू किंचाळले. "सैतानानं काढलं हे!"

"मी काढलं. दुपारी. जाड्या मिठाच्या पाण्याने," टीचर म्हणाल्या. "चाखून पाहा, तेही खारटच आहे. तुमच्या घरी कूलर लावून खिडकी बंद ठेवली की मिठाच्या बरणीचं काय होतं? तेच ह्या भिंतीचं झालं. आता कूलर बंद करा आणि खिडक्या उघडा."

"नका उघडू! सामर्थ्य—"

पण पोरांनी खिडक्या केव्हाच उघडल्या होत्या. बाहेरची कोरडी झळ आत घुसली. लोक घामाने निथळत भिंतीकडे बघत राहिले, कोणी जागचं हललं नाही. हळूहळू वांग्याचा देठ पुसट झाला, मग पोट. आणि त्याच्याबरोबर, तसाच, तेवढ्याच गतीने क्रूसही वाळून गेला. दोन्ही भिंती कोऱ्या पांढऱ्या झाल्या. ह्या गडबडीत बंधू शलमोन मागच्या दाराने कधी सटकले, ते कळलं नाही. माइक तेवढा वेदीवर पडून होता.

हसू ओसरलं होतं. पाळक वामनराव दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते. टीचरनी माइक उचलला.

"हसलात, बरं झालं. पण माझ्यावर हसू नका, मी हसण्याच्या लायकीची नाही. मला हे आधीपासून ठाऊक होतं. वाळू येत होती, सिमेंट येत होतं, म्हणून मी गप्प बसले. एका आईने मला सरळ विचारलं आणि मी तिला सरळ उत्तर दिलं नाही. तिच्या पोरीचा हात भाजला. देवाच्या घरासाठी मी लेकराचा हात जाळला. असलं घर देवाला नको आणि मला तर त्यात पाऊल टाकायचं तोंड नाही." त्यांनी टोपली पुढे ओढली. "तुमची श्रद्धा तुमच्यापाशी, माझी माझ्यापाशी. पण कोणी खिडकी बंद करायला सांगितली, तर आधी खिडकी उघडा. आणि गोळी सोडायची की नाही, ते डॉक्टरला विचारा, भिंतीला नाही. चला, आपापली औषधं उचला."

मग जे झालं ते बघणं फार जड होतं. टोपलीभोवती माणसं वाकली. शिकलेली, अडाणी, सोन्याच्या बांगड्यांची, फाटक्या बनियनची. पाकिटं उलटी-सुलटी करून जो तो आपली गोळी शोधत होता. "ही तुमची का?" "नाई, माही पिवळी होती." कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हतं. तो म्हातारा, ज्याने पहिल्यांदा भिंत चाखली होती, पाकीट मुठीत दाबून भिंतीच्या कडेकडेने बाहेर गेला. हर्षाही आली. तिने मयुराचं पाकीट शोधलं, पदराने पुसलं आणि टीचरांसमोरून निघून गेली. टीचर "हर्षा" म्हणाल्या, पण ती थांबली नाही.

वाळूचे ट्रक अर्थातच थांबले. बांधकाम पुन्हा मुंगीच्या पावलांनी सुरू झालं, मंडळीच्या स्वतःच्या बळावर. समितीत पक्क्या खिडक्यांचा विषय निघाला तेव्हा वामनराव टीचरांकडे न बघताच म्हणाले, "मोठ्या ठेवा. अन् उघडणाऱ्या."

पावसाळा लागल्यावर एका संध्याकाळी टीचरांच्या फाटकाशी मयुरा आली. हातावरची पट्टी सुटली होती, कातडी गुलाबी आणि आखडलेली होती. गोळी पुन्हा सुरू होती. टीचरनी तिला बसायला सांगितलं, तर ती उभीच राहिली.

"टीचर, तुमी वांगंच काहून काढलं?"

"मला दुसरं काही काढता येत नाही गं."

मयुरा हसली. मग तिचं हसू थांबलं.

"तुमाले आधीच मालूम होतं न?"

"हो," टीचर म्हणाल्या. ह्या वेळी त्यांनी सरळ उत्तर दिलं.

मयुराने आपल्या हाताकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच टीचरना सोसेना.

"मंग सांगाचं होतं न, टीचर."