समोरच्याचा डावा

कॉम्प्युटर सुरू व्हायलाच बारा मिनिटं लागत. त्यात या आठवड्यात तो दोनदा मध्येच गोठला, तेव्हा बूट करणाऱ्या बाईंनी धाकट्या दिरांना फोन केला. वाकड्या, दुखऱ्या, बोटं गेलेल्या पावलांसाठी बूट करायचा त्यांचा व्यवसाय. अकरा वर्षांची मापं त्या एकाच यंत्रात होती. त्यात पोस्टमनकाकांचंही होतं. मधुमेहाने त्यांच्या डाव्या तळव्याला जखम झाली होती आणि तिच्यावर भार पडू नये म्हणून पाय प्लास्टरमध्ये होता. शुक्रवारी प्लास्टर निघणार आणि त्याच दिवशी पाऊल नव्या बुटात जायला हवं. माप प्लास्टर घालण्याआधी घेतलेलं, आता पुन्हा घेता येणार नव्हतं. बूट कुठे घासला तर जखम पुन्हा उघडेल आणि मग पाऊल वाचणार नाही, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, धाकटे दीर नवी एसएसडी, म्हणजे जास्त वेगाने चालणारी डिस्क, घेऊन आले. ते लिफ्ट दुरुस्त करत. कॉम्प्युटर ही त्यांची हौस.

"वहिनी, आता डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू होईल बघा."

"आधी माझी मापं तिकडे सुखरूप पोचू द्यात. मग मारा फुशारक्या."

टेबलावर दोन खणांची डबी होती. एका खणात जुनी डिस्क, दुसऱ्यात नवी. बटण दाबलं की जुनीवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरणार. डबीचं तोंड बाईंकडे होतं, दीर टेबलापलीकडे बसले होते. बाईंनी डबीसोबत आलेलं पत्रक वाचून दाखवलं, "मूळ डिस्क डाव्या खणात." दिरांनी जुनी डिस्क स्वतःच्या डाव्या हाताला बसवली. बाईंनी मान डोलावली आणि बटणही त्यांनीच दाबलं. चारपैकी पहिला दिवा लुकलुकू लागला.

पत्रकाची घडी घालताना त्यांना मागचं चित्र दिसलं. डबी समोरून काढलेली, डाव्या खणावर बाण. त्यांनी आपला डावा हात पुढे केला. बोटांना लागली ती नवी, कोरी डिस्क.

अकरा वर्षं त्या स्टुलावर बसून समोरच्याचे पाय मोजत आल्या होत्या. त्यांच्या लेखी डावा म्हणजे समोरच्याचाच डावा.

"भाऊजी, उलटं झालं. कोरी डिस्क जुनीवर उतरतेय."

"काहीतरीच काय!" दीर उठून त्यांच्या बाजूला आले. चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "पण मध्येच थांबवलं तर? लिफ्ट मध्येच बंद पडली की माणसं अडकतात."

"अडकलेली बाहेर तरी काढता येतात." बाईंनी वायर उपटली.

दिवा विझला. दिरांनी हळूच विचारलं, "दुसरी कॉपी कुठे आहे?"

"आजच तर पहिली करत होतो ना!"

दिरांनी जुनी डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली. पुसलं जातं ते सुरुवातीपासून, ते म्हणाले. तिथे कॉम्प्युटर चालवणारा भाग असतो, तो गेलाच समजा. "मापं कुठे होती?"

"ह्यांनी डिस्कचे दोन भाग करून दिले होते. मापं दुसऱ्यात."

"मग देवाचं नाव घ्या."

शोध सुरू झाला. पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती, मध्येच थांबत होती. थांबली की बाईंना पोस्टमनकाकांचं नखं काळी पडलेलं पाऊल दिसे. त्यांचे तळहात घामाने ओले झाले होते. त्यांनी ते चार वेळा साडीला पुसले. पाऊण तासाने फोल्डरांची यादी उमटली. दिरांनी पोस्टमनकाकांची फाइल उघडली. उघडली!

"थांबा, आधी दुसरीकडे उतरवून घेतो."

"कशालाही हात लावू नका. नुसतं वाचा."

"डावं पाऊल. लांबी दोनशे चौपन्न."

बाई वहीत लिहू लागल्या. पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यांनी दुसरी उचलली.

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या. "अगदी सावकाश."