टाकळीवरची काळी शाई

मोजणीचा नकाशनवीस सहदेव बाळापूरजवळच्या एका माळ्याच्या घरी उतरला होता. साहेबाच्या हुकमावरून तो गावोगाव विचारत फिरे, विहिरीचं पाणी गोड की खारं, आणि जन्मलेली पोरं किती जगतात. जिथं जगत तिथं हिरवा रंग, जिथं निम्म्याहून जास्त जात तिथं काळी शाई. ओसरीवर नकाशा वाळत होता. पूर्णेच्या दोन्ही काठांनी नुसतं काळं.

घरधनीण जयवंतानं विचारलं, "भाऊ, यात टाकळी कुठी हाये?"

सहदेवनं बोट ठेवलं. ते काळ्यावरच पडलं.

"तिथं तं बैलाच्या गळ्यात चांदीच्या घंटा हायेत! कापसानं सोनं झालं त्या गावाचं. म्हनून तं पोरगी देल्ली."

"कापूस पिकते, बाई. पन पाणी खारं. उन्हाळ्यात लोक डबक्यातलं पेतात."

जयवंतानं पुन्हा त्या काळ्याकडे पाहिलं. तिची एकुलती लेक शकुन सातव्या महिन्यात होती. बाळंतपणासाठी माहेरी धाडा, असा निरोप दोनदा गेला. पण वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून सासरच्यांनी तिला ठेवून घेतलं होतं.

नवरा मळ्यातून येईपर्यंतही जयवंताला धीर निघेना. बैलांची हलकी दमणी जुंपायला लावून ती निघाली. वाटेत खामगावकडे कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, गाडीवान मजेत गात होते. तिला ते ऐकवेना.

टाकळीत घरांवर नवी कौलं, दारोदार पितळी घागरी. पण गल्लीत एक पोर दिसेना. शकुन उंबऱ्यात आली. पाय सुजलेले, डोळे खोल गेलेले. आत एक रिकामा पाळणा आढ्याला वर बांधून ठेवला होता.

"कोनाचा व?"

"जावेचा, माय. दोन पोरं झाले, दोनी गेले. मले त्याच्याखाली झोपाले भेव वाटते."

लेकीला न्यायला आले म्हटल्यावर विहीण दुर्गाबाई कापूस निवडत, मान वर न करता म्हणाली, "वेचणी झाल्याबिगर नाई जमनार. मालक नाई म्हनतीन."

"इहीनबाई, नकाशात तुमच्या गावावर काळं पडलं हाये. म्या डोयानं पाह्यलं. माही पोरगी मले द्या."

दुर्गाबाईचा हात थांबला. "नकाशाचं मले काय सांगता? पाच पुरले म्या नदीकाठी." तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "आत्ताच निंघा. मालक खामगावले गेले हायेत. आले का मंग माहं काई चालनार नाई."

"तुमाले मारतीन ते," शकुन रडवेली झाली.

"मारू दे. चढ गाडीत."

परतताना मागून गाडीची धूळ दिसली, की जयवंता लेकीला गोधडीखाली झाकी. एकदा कोणीतरी मागून हाका मारत आलं. पाहिलं तर वाट मागणारी गवताची गाडी निघाली.

शकुनला मुलगी झाली, जगली. उन्हाळ्यात टाकळीत पटकीची साथ शिरली. एका सकाळी जावई केशवराव दारात उभा राहिला, डोईवर केस नव्हते.

"माय गेली," तो म्हणाला. "बाबानं या दोघीले न्याले धाडलं मले."

जयवंता दार अडवून उभी राहिली. केशवरावानं आत पाळण्यातल्या आपल्या पोरीकडे बराच वेळ पाहिलं.

"नाई नेत," तो म्हणाला. "मामी, मी इथंच राह्यलो तं चालन का?"