दोन बदामांवर पास

भांडण नेमकं आईच्याच टेबलावर व्हायचं होतं, आणि तेही उपांत्य फेरीच्या शेवटच्या डावात. आई आणि मावशी, सख्ख्या बहिणी, इतकी वर्षं जोडीनं पत्त्यांतलं ब्रिज खेळत होत्या, पण अंतिम फेरीचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. हा डाव पदरात पडला तर आज पाहणार होत्या. आणि पंच होती लेक. दुसरा पंच तापानं घरी पडला होता, नाहीतर तिनं हे लचांड त्याच्या गळ्यात घातलं असतं.

"तुमच्या आईंनी एक चौकट म्हटलं, मी एक इस्पिक," समोरच्या जोडीतले दाताचे डॉक्टर सांगू लागले. "मग मावशी जो विचार करत बसल्या! माझ्या खुर्चीतला पेशंटसुद्धा तोंड उघडायला एवढा वेळ लावत नाही. शेवटी म्हणाल्या, दोन बदाम."

"आणि आईंनी तीन केले," त्यांच्या मेहुण्यानं पुढचं उचललं. "त्यांचे पत्ते बघा. एवढ्यावर कुणीही पास म्हणून थांबेल. पण मावशी घुटमळल्या, म्हणजे पत्ते भारी आहेत, हे यांनी ओळखलं. मावशींनी मग चार बोलून डाव केला."

"मी काही ओळखलं-बिळखलं नाही," आई म्हणाली. "दोन बदाम फोर्सिंग आहे. ती नवा रंग बोलली की मला गप्प बसताच येत नाही. ती घुटमळली काय नि शिंकली काय, मला बोलावंच लागतं."

सगळं तिथेच येऊन अडलं. जोडीदाराच्या घुटमळण्यावरून काही ताडायचं नाही, हा नियम. बोली फोर्सिंग असेल तर आईला दुसरा मार्गच नव्हता. नसेल, तर डाव गेला.

लेक मावशीला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली.

"दोन बदाम फोर्सिंग होतं?"

"ताई काय म्हणाली?"

"ते सांगता येत नाही गं."

मावशीनं चष्मा काढून पदरानं पुसला. "होतं. फोर्सिंग होतं. झालं? चल आत."

खरं तर झालंच होतं. दोघींचं एकमत, डॉक्टर थोडे कुरकुरले असते आणि घरी गेले असते. पण लेकीचा पाय निघेना.

"मग तू विचार कसला करत होतीस?"

"म्हणजे?"

"आई पास करूच शकत नसेल, तर तुला पुन्हा बोलायला मिळणारच होतं. दोन बदाम म्हणायचं आणि वाट बघायची. आई इथेच थांबेल अशी भीती असेल, तरच घाम फुटतो."

मावशी स्वच्छ झालेला चष्मा पुसतच राहिली.

"तुला शास्त्राकडे घातलं तिथंच आमचं चुकलं," ती म्हणाली.

आत येऊन लेकीनं निर्णय सांगितला: डाव दोन बदामांवर थांबला असं धरायचं, चारचे गुण नाहीत. डॉक्टर आणि मेहुणा लगबगीनं उठले, जणू थांबले तर निर्णय फिरेल.

आईनं लेकीकडे पाहिलं. "ती काय म्हणाली?"

"फोर्सिंग."

"मग?"

"मग विचार का केला, याचं उत्तर नाही मिळालं."

आईला समजायला वेळ लागला नाही. ती सावकाश बहिणीकडे वळली. "मी पास करेन असं वाटलं तुला?"

"तू करतेस कधीकधी."

"मी? कधी?"

"जाऊ दे ना ताई."

"इतकी वर्षं तू असं धरून खेळतेयस?"

"मला वाटलं तुला ठाऊक आहे."

हॉलमध्ये टेबलं मिटायला सुरुवात झाली होती. लेक गुणांचा कागद घेऊन उभी होती. तिला निघायचं होतं आणि निघवत नव्हतं.

"बैस," आई बहिणीला म्हणाली. "मी एक किलवर. ते एक बदाम. तू पास, ते पास, मी दोन चौकट. आता हे फोर्सिंग?"

"हो," मावशी म्हणाली, आणि त्याच क्षणी आई म्हणाली, "नाही."