घारीचा श्वास

मांज्याने पंख कापलेली घार दोन महिन्यांनी आज सुटणार होती. ठाण्यातल्या प्राणी-उपचार केंद्राच्या अंगणात, तिला आणून देणाऱ्या नौपाड्यातल्या सोसायटीची मंडळी मोबाइल सरसावून उभी होती.

डोंबिवलीच्या मानपाड्यातून दर रविवारी येणाऱ्या योगिनीचं काम म्हणजे पिंजरे धुणं. तीही फडकं हातात घेऊन बघत होती. मोठ्या पिंजऱ्यात, केंद्रातले पक्षी सांभाळणाऱ्या तानाजीकाकांनी घारीला शेवटच्या चार फेऱ्या मारायला लावल्या. चारही झोकात. टाळ्या पडल्या.

योगिनीची नजर मात्र घड्याळावर होती. दीड वर्षाच्या रुचिताला दोनदा न्यूमोनिया झाल्यापासून तिला श्वास मोजायची सवयच लागलेली. पोरीचा, सासूचा, समोर येईल त्याचा.

"काका, हिची चोच अजून उघडीच आहे."

"दमलीय. चार फेऱ्या तू मार, तूही आ वासशील."

"मागच्या रविवारी दोन मिनिटांत मिटली होती. आज पाच झाली. आणि शेपूट बघा ना, प्रत्येक श्वासाला हलतंय."

"अगं, तुला तर समोरच्या आंब्यालाही ताप आलेला दिसेल!" काका हसले आणि घारीला खोक्यात घालू लागले.

आपलं चुकलं तर एवढ्या माणसांची सकाळ फुकट. पण गप्प बसलो आणि ती उडता उडता खाडीवर दमून खाली आली तर? ती सरळ केंद्राच्या डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, आज नका सोडू तिला."

मिनिटांचा हिशोब तिने चोख दिला. डॉक्टरांनी घारीला स्टेथोस्कोप लावला. एकदा, मग पुन्हा.

"छातीत घरघर आहे. बुरशीचा संसर्ग वाटतोय. हिला सोडली असती तर दोन दिवसही काढले नसते हिने." ते मंडळींकडे वळले. "सॉरी, आज नाही. निदान महिनाभर औषध लागेल."

मोबाइल खिशात गेले. कुणीतरी पुटपुटलं, "या बाई कोण?"

तानाजीकाकांनी टॉवेलात गुंडाळलेली घार योगिनीच्या हातात दिली. आजवर तिने पक्षी कधी धरला नव्हता.

"पाय नीट पकड. छाती दाबू नकोस," ते म्हणाले आणि मागे वळून जरा चढ्या आवाजात बोलले, "या आमच्या योगिनीताई. यापुढे पाखरू सुटायच्या आधी यांच्यापुढे उडणार!"

डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं. योगिनी ताठ उभी होती.